रुदाबाच्या टाक्यांचं पुढे काय झालं?

नववीच्या उर्दूच्या तासाला मी दरवर्षी रुस्तमची गोष्ट सांगते. ती त्या वर्षीच्या पुस्तकात असो वा नसो. आणि सुरुवात लढाईपासून न करता त्याच्या जन्मापासून करते, कारण तो जन्मच मोठा नाट्यमय आहे. फिरदौसीने १०१० साली पुऱ्या केलेल्या शाहनाम्यात तो सविस्तर आलाय. रुदाबाच्या पोटातलं बाळ इतकं थोराड की ते बाहेर येईना. ती बेशुद्ध पडली. तिचा नवरा झाल याने घाबरून सीमुर्ग पक्ष्याचं पीस जाळलं. सीमुर्ग आला आणि त्याने उपाय सांगितला. रुदाबाला मद्य पाजून गुंगी आणा, जाणत्या माणसाकडून कूस चिरून बाळ काढा, मग जखम शिवून घ्या. एक वनस्पती दूध आणि कस्तुरीबरोबर कुटा, सावलीत वाळवा आणि जखमेवर लावा. तसं केलं. रुदाबा एक दिवस आणि एक रात्र झोपली. जागी झाली तेव्हा बाळाला बघून हसली.

दोन वर्षांपूर्वी मी इथवर आले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग रुदाबाच्या टाक्यांचं पुढे काय झालं? माझ्या अम्मीला तर अजून त्रास होतो." वर्ग खुसुखुसु हसला. मी म्हटलं, "गोष्टीत तेवढंच आहे, बेटा," आणि पुढे सोहराबकडे वळले.

पण ते उत्तर मलाच टोचत राहिलं. कारण त्या मुलीच्या अम्मीचा त्रास काय असेल हे मला ठाऊक नसलं, तरी माझा मला चांगला ठाऊक होता. आणि मीही त्याविषयी कितीतरी वर्षं कुणाशी धड बोलले नव्हते. हा लेख त्या मुलीला उशिरा दिलेलं उत्तर आहे. पाळीविषयी, रक्ताविषयी मोकळं लिहिलंय. ज्यांना अवघड वाटेल त्यांनी इथेच थांबावं, माझी तक्रार नाही.

माझी दोन सिझेरियन झाली, २००७ आणि २०११ साली. दुसऱ्या वेळी कळा सुरू होऊन बरेच तास गेले होते, बाळाचे ठोके कमी झाले आणि घाईने ऑपरेशन झालं. बाळ वाचलं, मी वाचले. त्या डॉक्टरांसाठी मी आजही दुआ करते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते सिझेरियनच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये.

मुलगी दीड वर्षाची झाली, पाळी परत सुरू झाली, आणि तिचं रूपच बदललं होतं. पूर्वी सहा दिवसांत सगळं आटोपायचं. आता सहा दिवस नेहमीसारखे जात आणि त्यानंतर सात दिवस तपकिरी डाग चालत. कधी थेंबभर, कधी थोडे जास्त. दुखणं असं फारसं नाही. वाट बघावी, संपलं म्हणावं, की पुन्हा डाग. महिन्याचे तेरा दिवस.

आता यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. नमाज पढणाऱ्या बाईला विचारा. पाळीत नमाज माफ आहे, रोजा ठेवायचा नाही, रोजे नंतर भरून काढायचे. म्हणजे पाळी कुठे संपली हे ठरवल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. माझं माहेर सोलापूरचं, हनफी. सासर कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यात. तिथले मुसलमान बहुतांशी शाफई. हनफी मसलकात हैज, म्हणजे पाळी, जास्तीत जास्त दहा दिवस. रक्त त्याच्या पुढे गेलं तर बाईचे नेहमीचे दिवस तेवढे हैज धरायचे आणि बाकीच्या दिवसांच्या नमाजा भरून काढायच्या. शाफईंकडे ही हद्द पंधरा दिवसांची. अम्मी फोनवर म्हणायची, "तुझे सहाच दिवस, सातव्यापासून नमाज तुझ्यावर आहे." सासूबाई म्हणायच्या, "पंधराच्या आत आहे ना, मग थांब." दोघीही आपापल्या जागी बरोबर. मी मात्र माहेरच्या हिशेबाने नमाजी आणि सासरच्या हिशेबाने नापाक, अशी सात दिवस मधल्या उंबऱ्यावर उभी. सहा रमजान असे गेले. रोज्यांची कजा करता करता पुढचा रमजान दाराशी यायचा.

या पेचातून सुटण्यासाठी मी पुस्तकं उघडली, आणि पहिल्यांदा मला दिसलं की हा प्रश्न फार जुना आहे. हदीसच्या संग्रहांत फातिमा बिन्त अबी हुबैश नावाच्या बाईंचा प्रसंग आहे. त्या पैगंबर साहेबांकडे आल्या आणि त्यांनी सरळ विचारलं की माझं रक्त थांबतच नाही, मी नमाज सोडून द्यायची का? उत्तराचा सारांश असा, की हे हैज नाही, हे एका रगेतून येणारं रक्त आहे. पूर्वी जितके दिवस पाळी यायची तितके दिवस नमाज सोड, मग अंघोळ कर आणि पढत जा. अशा रक्ताला इस्तिहाजा म्हणतात. उम्मे हबीबा बिन्त जहश यांना तो सात वर्षं होता. बीबी आयेशांकडे बायका डबीत कापूस घालून पाठवायच्या, त्यावर पिवळसर डाग असायचा, आणि विचारायच्या, झालं का? त्या सांगायच्या, घाई करू नका, पांढरं दिसेपर्यंत थांबा.

मला यातून विज्ञान काढायचं नाही. त्या काळी अरबस्तानात कुणाचं सिझेरियन झालं नव्हतं, आणि या प्रसंगांना आजच्या आजाराचं नाव चिकटवणं हा अडाणीपणा होईल. मला भिडलं ते वेगळंच. सातव्या शतकात बायका हा प्रश्न तोंडाने विचारत होत्या, कापसासकट दाखवत होत्या, आणि ऐकणारा त्यांना विचारत होता की तुझी नेहमीची पाळी किती दिवसांची? आधी कसं होतं आणि आता काय बदललं, हा तपासातला पहिला प्रश्न. मी तीन डॉक्टरांकडे गेले. तिघांपैकी एकानेही तो मला विचारला नाही.

पहिल्यांनी हार्मोनचा बिघाड म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी पिशवीचं क्युरेटिंग केलं, रिपोर्ट नॉर्मल आला. तिसऱ्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." तेव्हा मी ३८ वर्षांची होते.

घरी येऊन मी रात्री वाचायला बसले. इतिहास माझा विषय नाही, पण शिक्षकाला एक सवय असते. एखादी गोष्ट समजत नसली की ती सुरू कुठून झाली ते आधी बघायचं.

सिझेरियनची सुरुवात आईला वाचवण्यासाठी झालेली नाही. जुन्या काळी ते मेलेल्या बाईवर होत असे. बाई मेली आणि पोटातलं मूल हलतंय, तर पोट चिरून ते काढावं, असं सुश्रुतसंहितेत सांगितलंय. रोमन कायद्यात तसा दंडक होता. आपल्या फकीहांमध्येही यावर वाद झाला. हनफी आणि शाफई बहुतांशी म्हणाले की जिवंत जिवासाठी मृत देह चिरता येईल. सिझेरियन हे नाव ज्युलियस सीझरमुळे पडलं ही समजूत मात्र टिकत नाही. त्याची आई ऑरेलिया तो मोठा होईपर्यंत जिवंत होती, आणि त्या काळी पोट चिरलेली बाई जगत नसे. अलबिरूनीने रोमच्या कैसरची अशीच आख्यायिका लिहून ठेवली आहे. त्याच्या ग्रंथाची १३०७ सालची एक सचित्र प्रत एडिनबरा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि तिच्यात या जन्माचं चित्र आहे. त्या आख्यायिकेत आई आधीच वारलेली आहे. त्याच काळातल्या फिरदौसीने रुदाबाला जगवलं आणि जखम शिवायची आठवणही ठेवली. पण त्यासाठी त्याला सीमुर्ग आणावा लागला.

पुढे युरोपात जिवंत बायकांवर हे ऑपरेशन होऊ लागलं. १५८१ साली फ्रान्स्वा रूसे या फ्रेंच वैद्याने त्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं. पण बहुतेक बायका मरत राहिल्या, आणि त्याचं एक कारण वाचून मी थक्क झाले. सुमारे तीनशे वर्षं डॉक्टर पोटाची कातडी शिवत होते, पण गर्भाशय शिवतच नव्हते. गर्भाशय आपोआप आकसतं, टाक्यांची गरज नाही, अशी समज होती. शिवाय आत घातलेले टाके नंतर काढणार कसे, ते आत सडतील, अशी भीती. चिरलेलं गर्भाशय तसंच पोटात ठेवून वरून कातडी मिटवायची. रक्त आत वाहत राहायचं, नाहीतर जखम पिकायची.

याच काळातली एक नोंद आफ्रिकेतली आहे. १८७९ साली रॉबर्ट फेल्किन हा इंग्रज आजच्या युगांडातल्या बुन्योरो राज्यात फिरत होता. तिथे त्याने एका स्थानिक वैद्याला सिझेरियन करताना पाहिलं. बाईला केळ्यांचं मद्य पाजलेलं, त्याच मद्याने हात आणि पोट धुतलेलं, रक्त थांबवायला तापलेलं लोखंड. पोटाच्या कडा लोखंडाच्या सात बारीक खिळ्यांनी जुळवून वर झाडपाल्याचा लेप. फेल्किन तिथून निघाला तोवर आई आणि मूल दोघंही बरी होती. मद्य, चिरणं, जखम जुळवणं, लेप. सीमुर्गची कृती जणू तंतोतंत. पण गर्भाशय तिथेही शिवलं नव्हतं.

१८७६ साली इटलीतल्या पाविया शहरात एदुआर्दो पोरो यांनी वेगळा मार्ग काढला. जुलिया कावालीनी ही २५ वर्षांची बाई, कंबरेचं हाड मुडदुसाने वाकडं झालेलं. पोरोंनी बाळ काढलं आणि लगोलग तिचं गर्भाशयही काढून टाकलं. शिवायचं कसं हा प्रश्नच मिटवला. ती जगली, आणि ही पद्धत युरोपभर पसरली. "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" या वाक्याचे पणजोबा मला इथे भेटले. फरक इतकाच की पोरोंपुढे बाई मरण्याचा धोका खरोखर उभा होता.

सहा वर्षांनी, १८८२ साली, लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी सांगितलं की गर्भाशय काढू नका, नीट शिवा. चांदीची तार आणि रेशीम वापरून थर जुळवण्याची रीत त्यांनी मांडली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्याच देशातल्या फेर्डिनांड केरर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतला होता. गर्भाशयाचा वरचा भाग जाड, तिथला उभा छेद खूप रक्त सांडतो आणि पुढच्या गरोदरपणात फाटण्याची भीती जास्त. खालचा भाग पातळ, तिथला छेद चांगला भरतो. पण ही गोष्ट मागे पडली. ती पुन्हा पुढे आणली ग्लासगोच्या मन्रो केर यांनी, १९११ नंतर. मुडदुसाने हाडं वाकलेल्या गरीब बायका तिथे पुष्कळ होत्या. त्यांचा खालचा आडवा छेद रुळायला आणखी पंचवीसेक वर्षं लागली. आज माझ्या आणि बहुतेक सिझेरियन झालेल्या बायकांच्या पिशवीवर आहे तो हाच छेद.

भूल आली, जंतुनाशकं आली, १९४० नंतर पेनिसिलिन आलं, रक्तपेढ्या आल्या. मरणं एकदम घटली. हे केवढं मोठं काम झालं हे मला पुन्हा सांगायला नको, मी स्वतः त्याचा पुरावा आहे.

पण हा सगळा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात येते. यशाची मोजणी नेहमी एकाच प्रश्नाने झाली, बाई जगली का? मग त्यात दुसरा प्रश्न आला, बाळ जगलं का? आणि तिसरा, पुढचं बाळ सुखरूप होईल का? १९१६ साली न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांनी एकदा सिझेरियन तर नेहमी सिझेरियन अशा अर्थाचं वाक्य लिहिलं आणि ते जगभर गेलं. त्यामागेही भीती होती ती पुढच्या बाळंतपणात व्रण फाटण्याची. १९६१ साली पॉइडेव्हिन यांनी पिशवीत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढले. त्यात व्रणाच्या जागी खळगे दिसले. त्यांनाही हेच जाणून घ्यायचं होतं की अशा पिशवीत पुढचं मूल वाढवणं कितपत धोक्याचं आहे. खळगा दिसला होता. पण बाळंतपण उरकलेल्या बाईला त्या खळग्याचं रोज काय होतं, हा प्रश्न तेव्हा मुख्य नव्हता.

तो प्रश्न ठळकपणे विचारला गेला १९९५ साली, आणि तोही काढून टाकलेल्या पिशव्यांवर. मॉरिस नावाच्या पॅथॉलॉजिस्टने पूर्वी सिझेरियन झालेल्या बायकांची ५१ गर्भाशयं तपासली. व्रणाची जागा रुंदावलेली, वेडीवाकडी झालेली, आतलं अस्तर तिथे लोंबून सुजलेलं, बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या, असं त्यांना पुष्कळ पिशव्यांत आढळलं. त्यांनी निबंधाच्या मथळ्यातच विचारलं, की हा व्रणच त्रासाचं मूळ आहे का? झेंगर यांच्यापासून हिशेब केला तर ११३ वर्षं झाली होती. आणि ज्या बायकांच्या पिशव्यांतून उत्तर मिळालं, त्यांच्याकडे त्या पिशव्या उरल्या नव्हत्या.

त्यानंतर गाडी हलली. १९९९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पाळीनंतर २ ते १२ दिवस डाग जाणाऱ्या नऊ बायकांच्या पिशवीत खारं पाणी सोडून सोनोग्राफी केली आणि व्रणात फट दाखवली. २००१ साली त्या खळग्याला इंग्रजीत जे नाव मिळालं त्याचा अर्थ भिंतीतला कोनाडा. डॉक्टर मंडळी इस्थमोसील असंही म्हणतात. मला कोनाडा आवडतो. आमच्या जुन्या घरात दिव्याचा कोनाडा होता. उर्दूत त्याला ताक म्हणतात, आणि एखादी गोष्ट दुर्लक्षून बाजूला टाकली की ती ताकावर ठेवली म्हणतात. या दुखण्याचं तेच झालं होतं.

हा कोनाडा काय करतो ते समजायला सोपं आहे. छेद गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीत, खाली, तोंडाच्या जवळ असतो. तो बाहेरून जुळतो, पण आतल्या बाजूने कधी कधी पूर्ण भरत नाही आणि एक खाच राहते. पाळीचं रक्त वरून उतरताना त्या खाचेत साठतं. तिथला स्नायू पातळ, त्यामुळे ते जोराने बाहेर ढकललं जात नाही. पाळी संपल्यावर ते थेंबाथेंबाने झिरपत राहतं, आणि जुनं झाल्याने तपकिरी दिसतं. खाचेतल्या नाजूक रक्तवाहिन्यांतूनही थोडं येतं. म्हणून हार्मोनचे रिपोर्ट ठीक येतात आणि क्युरेटिंगमध्येही काही सापडत नाही. भांडं ठीक असतं, भिंतीतली खाच झिरपत असते.

किती बायकांना असा कोनाडा असतो? २०१९ साली तज्ज्ञांच्या एका गटाने ठरवलं की खाच किमान २ मिलिमीटर खोल असेल तरच तिला कोनाडा म्हणायचं. पाणी किंवा जेल भरून सोनोग्राफी केली तर सिझेरियन झालेल्या निम्म्याहून अधिक बायकांत तो दिसतो. सगळ्यांना त्रास होत नाही. ज्यांना कोनाडा आहे त्यांतल्या साधारण एक तृतीयांश बायकांना पाळीनंतर डाग जातात. सिझेरियन जितकी जास्त तितकी शक्यता वाढते. कळा बऱ्याच पुढे गेल्यावर, पिशवीचं तोंड उघडल्यावर घेतलेला छेद फार खाली जातो, तेव्हाही. गर्भाशय मागे झुकलेलं असेल तरीही. हे वाचताना मला २०११ ची ती रात्र आठवली.

२०१८ साली मी चौथ्या डॉक्टरांकडे गेले. तरुण मुलगी होती, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "दुसऱ्या सिझेरियनच्या आधी पाळी किती दिवस यायची?" मला रडू आलं. ती गोंधळली, तिला वाटलं काही चुकलं. मी तिला फातिमा बिन्त अबी हुबैश यांच्याविषयी काय सांगणार होते?

तिने सांगितलं की सोनोग्राफी डाग चालू असतानाच करू, तेव्हा खाच भरलेली असते म्हणून चांगली दिसते. आठव्या दिवशी खालून सोनोग्राफी झाली. पडद्यावर एक काळा त्रिकोण. "हे बघा, इथे साठतंय." इतकी वर्षं ज्याने माझी नमाज, माझे रोजे, माझी झोप मोजली, ते नखाएवढं होतं.

उपाय बाईपरत्वे बदलतात. त्रास नसेल तर काहीच करायचं नाही. गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाने डाग कमी होऊ शकतात. खाचेवरचा स्नायू किमान ३ मिलिमीटर जाड उरला असेल तर दुर्बिणीतून खाचेची कड तासून तिला मोकळं करता येतं. नेदरलँड्समधल्या १०३ बायकांवरच्या चाचणीत त्यामुळे डागांचे दिवस आठावरून चारावर आले. स्नायू पातळ असेल आणि पुढे मूल हवं असेल तर खाच कापून पुन्हा शिवतात. पुन्हा दिवस राहिले तर मात्र लवकर सोनोग्राफी करून घ्यावी, कारण क्वचित गर्भ त्या व्रणातच रुजतो आणि जिवावर बेततं. अशा गर्भाची पहिली नोंद १९७८ सालची आहे. मला तिसरं मूल नको होतं, मी हार्मोनचं साधन बसवून घेतलं. पहिले काही महिने डाग उलट अनियमित झाले, मग दोन-तीन दिवसांवर आले. पिशवी माझी माझ्याजवळ आहे.

कोनाडा पडूच नये म्हणून काय करावं? एका थरात शिवावं की दोन थरांत, यावर खूप वाद झाला. नेदरलँड्समध्येच दोन हजारांहून अधिक बायकांवर तुलना केली, नऊ महिन्यांनी डागांच्या दिवसांत फरक दिसला नाही. म्हणजे झेंगर यांनी घेतलेला प्रश्न, गर्भाशय शिवायचं कसं, अजून पुरता सुटलेला नाही.

आणि तो आता थोड्या बायकांचा प्रश्न राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशात ८.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने होत होती. २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के. महाराष्ट्रात २५.४ टक्के. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के, म्हणजे जवळपास निम्मी. यांतली किती गरजेची हा वेगळा वाद आहे. पण इतक्या बायकांच्या पिशवीवर व्रण असताना, टाके काढायला आलेल्या बाईला एवढं तरी सांगता येईल की पाळी बदलली तर ये, आणि कशी बदलली ते सांग. मला हे एक वाक्य २०११ साली मिळालं असतं तर तीन डॉक्टर आणि सहा रमजान वाचले असते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी २०१९ साली आपण सगळ्यांनी वाचली. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथली कारणं मजुरीची, दंडाची, भीतीची होती, आणि ती माझ्या दुखण्याशी जोडायची नाहीत. पण "काढून टाका" हे उत्तर किती सहज मिळतं, हे मला त्या बातमीने पुन्हा दाखवलं. ज्या बाईकडे चौथ्या डॉक्टरकडे जायला पैसे आणि सुट्टी नाही, तिला तिसऱ्याचंच ऐकावं लागतं.

सासूबाईंना मी सोनोग्राफीचा कागद दाखवला होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाही असंच व्हायचं गं, तुझ्या नवऱ्याच्या वेळेपासून." त्यांचंही सिझेरियन झालं होतं, १९७९ साली. चाळीस वर्षं त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. पंधराच्या आत आहे ना, मग थांब, हे त्या मला जे सांगत होत्या, ते त्या स्वतःला सांगत आल्या होत्या.

ती मागच्या बाकावरची मुलगी आता अकरावीला गेली. मध्यंतरी बाजारात तिची अम्मी भेटली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, "सिझेरियनच्या आधी तुमची पाळी किती दिवसांची होती?" ती आधी लाजली. मग भाजीची पिशवी खाली ठेवली आणि सांगू लागली.